एका मनोऱ्याचे महामंदिर



ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील सास-बहूचे थोरले मंदिर आपल्या परिचयाचे आहे. १०९३ सालच्या त्या मंदिराचे शिखर आज उरलेले नाही. तरीही ते पाहताना मन आदराने भरून येते. असाच अनुभव जुन्या गोव्यातील सें कॅथेड्रल या महामंदिरापुढे येतो.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी, अल्बुकर्कने गोवे जिंकले. म्हणून हे मंदिर त्या संतस्त्रीच्या नावे आहे. विद्यमान वास्तूचे काम १५६२ मध्ये आरंभिले गेले. बांधकाम १६१९ मध्ये उरकले, अर्पणविधी १६४० मध्ये झाला आणि वेद्यांचे काम १६५२ पर्यंत चालले. म्हणजे एकूण नव्वद वर्षे! पाया रचणाऱ्या गवंड्यांना वेदीवरचा दिवा पाहावयास मिळाला नाही.

वास्तूची लांबी सुमारे ७६ मीटर. बाहेरून साधी टस्कन धाटणी, आत कोरीव शिरोभागांचे कोरिंथियन खांब. आराखडा युरोपीय खरा, पण दगड आपल्या कोकणातला जांभाच. दर्शनी भागी दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. साथींच्या रोगांनी तोवर शहर ओस पडले होते; तो मनोरा पुन्हा उभा राहिला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली थोर घंटा आहे.

परंतु खरा धोका मनोरा पडण्याचा नव्हे. जांभा दगड सच्छिद्र असतो. कोकणातला पाऊस त्याला झिजवितो. त्यावर चुन्याचा गिलावा हेच त्याचे कवच. जवळच्याच बॉम जेझू मंदिराच्या भिंतींवरील गिलावा विसाव्या शतकात काढण्यात आला, आणि आता उघड्या दगडाची झीज ही चिंतेची बाब झाली आहे. सें कॅथेड्रलच्या भिंती मात्र आजही शुभ्र आहेत.

ज्यांनी विजयाची खूण म्हणून हे मंदिर उभारले, त्यांची गोव्यातील सत्ता १९६१ मध्ये संपली. मिस्सा मात्र थांबली नाही. वास्तू बांधून पूर्ण होते, असे आपण मानतो. वस्तुतः ती कधीच पूर्ण होत नाही. ज्या पिढीच्या हाती ती येते, त्या पिढीने चुन्याचा एक हात द्यावयाचा असतो. किल्ल्यावरील मंदिर असो वा गोव्यातील, हे ऋण सर्वांचे सारखेच आहे.