मालवणचा समुद्र : दहा वर्षांचा आराखडा आणि त्यापुढचा काळ

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्राला १९८७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात किल्ला, पद्मगड व आसपासचे खडक मिळून ३.१८ चौरस किलोमीटरचे गाभाक्षेत्र ठरले, म्हणजे माणसाचा वावर कमीत कमी असावा असा भाग. त्याभोवती, नियमांच्या चौकटीत काही व्यवहारांना वाव देणारे संरक्षक क्षेत्र आले. नकाशावर ही आखणी सुबक दिसते; परंतु ज्या पाण्यावर गाबित मच्छीमारांची घरे पिढ्यान्‌पिढ्या चालली तेथे आपली मासेमारी बंद होईल या भीतीने अभयारण्याला विरोध झाला आणि तो दीर्घकाळ टिकला, हे नवलाचे नाही.

वास्तविक या किनाऱ्यावरील रापण ही पद्धत नियोजनकारांनी बारकाईने पाहावी अशी आहे. होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात सोडले जाते, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळे समुद्राने किनाऱ्याजवळ आणलेल्या मासळीपुरतेच पोहोचते. याउलट, थव्याला घेरून बटव्याच्या नाडीसारखा तळ आवळणारे पर्ससीन जाळे अख्खा थवाच उचलते. राज्य शासनाने २०१६ साली पर्ससीनवर क्षेत्राची व काळाची बंधने घातली, तरी अंमलबजावणीची गस्त अपुरी असेल तर बंधन कागदावरच राहते. रापणकर आणि या समुद्रातील प्रवाळ या दोघांचेही हित किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या संरक्षणात आहे, ही गोष्ट अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्याने प्रथमपासून गृहीत धरायला हवी होती.

किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने मालवणला अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत घातले आणि अशा क्षेत्रांचे व्यवस्थापन मच्छीमारांसह स्थानिक समाजाच्या सहभागाने व्हावे असे म्हटले. सहभाग म्हणजे तयार मसुदा वाचून दाखवण्यासाठी भरवलेली सभा नव्हे. वन विभाग, मत्स्यव्यवसाय विभाग, बंदरांचा कारभार पाहणारे सागरी मंडळ आणि किल्ल्याचे जतन करणारे पुरातत्त्व सर्वेक्षण यांची अधिकारकक्षा एकाच पाण्यावर येते. त्यांच्या बैठकीत मच्छीमार सोसायट्यांना केवळ आसन नव्हे, तर मत असणे आवश्यक आहे.

काळाचा प्रश्न याहून अवघड आहे. व्यवस्थापन आराखडा साधारणतः दहा वर्षांसाठी केला जातो, तर गोळ्यासारखे वाढणारे कठीण प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. पर्यटकांना स्नॉर्कलिंगसाठी नेणाऱ्या होडीचा नांगर त्यावर एकदा पडला, तर एका आराखड्याच्या मुदतीतही ती मोडतोड भरून येण्याची खात्री नसते. यावरचा उपाय खर्चिक नाही : ठरावीक ठिकाणी कायमचे बोये बसवावेत, होड्या त्यांनाच बांधाव्यात आणि बोयांच्या देखभालीचा खर्च पर्यटन शुल्कातून व्हावा.

वाळूच्या बाबतीत मात्र इतका सरळ उपाय नाही. मालवणच्या दक्षिणेला देवबाग हे गाव एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. तेथे एका जागी दगडी बंधारा घातला की लाटांचा जोर शेजारच्या किनाऱ्यावर वळू शकतो आणि धूप जागा बदलते. अभयारण्याच्या हद्दीशी वाळूला देणेघेणे नसल्याने, खाडीतील वाळूउपसा, बंधारे आणि किनाऱ्यावरची बांधकामे यांचा विचार हद्दीबाहेरचा विषय म्हणून वगळणारा आराखडा पहिल्याच पावसाळ्यात अपुरा ठरतो.