समुद्रकिनाऱ्यावरील पहिला उन्हाळा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली येथील महाराष्ट्र सदनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या रस्त्यावर ही सभा भरली आहे, त्याला निकोलस कोपर्निकसचे नाव आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे प्रतिपादणारा त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये विद्वानांच्या लॅटिन भाषेत निघाला. गॅलिलिओने १६३२ मध्ये त्याच मताचा कैवार घेतला, तो मात्र लोकांच्या इटालियन भाषेत. पृथ्वीच्या गतीचा पुरावा म्हणून त्याने भरती-ओहोटी पुढे केली आणि नेमका तेथेच तो चुकला. भरतीशी चंद्राचा संबंध त्याने नाकारला होता. कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी आणि खारवी मात्र भरतीची वेळ तिथीवरूनच काढीत आले आहेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. त्यामागील गणित साधे आहे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे.

मराठी शाळेत शिकलेले मूल विज्ञानात मागे पडेल काय, हा प्रश्न दिल्लीतील मराठी घरांत नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यास रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र ही उत्तम जागा आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे हे केंद्र, तेथील मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा पर्यटकांच्या परिचयाचा आहे. उन्हाळ्यात संशोधन शिकण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यास त्याची दुसरी बाजू दिसते.

निजामुद्दीनहून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरीस उतरलेल्या दिल्लीच्या विद्यार्थ्यास पहिला धडा मिळतो तो वेळेचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते. म्हणजे खडक सर्वांत अधिक उघडे पडतात ते पहाटे पाच-सहाच्या सुमारास. तेवढ्या दोन-तीन तासांत खडकावर चौकट ठेवून तिच्यातील कालवे, शंख, खेकडे मोजावयाचे, पाण्याचे तापमान व खारेपणा टिपावयाचा आणि पाणी चढण्यापूर्वी परतावयाचे. उशिरा उठणाऱ्यासाठी समुद्र थांबत नाही. शिवाय १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पावसाळी समुद्र खवळतो. म्हणून किनाऱ्यावरील काम मे महिन्यात उरकून पुढचे दिवस प्रयोगशाळेस द्यावे, हे शहाणपणाचे.

दुसरा धडा नावांचा. मिरकरवाडा बंदरावर टोपली उतरविणाऱ्या बाईंना विद्यार्थी ‘मावशी, ही कोणती मासळी?’ असे विचारू शकतो. तेथे त्याची शाळा त्याच्या उपयोगी पडते. रत्नागिरीची तारली मालवणात पेडवे होते, पापलेटास कोठे सरंगा म्हणतात. मासळी केव्हा आली, किती खोलीवर मिळाली, यंदा का कमी आहे, हे ज्ञान पुस्तकात येण्याआधी बंदरावरील मराठीत असते. मात्र ते ऐकून घेणे पुरेसे नाही. मासा मोजावा, तोलावा, त्याचे शास्त्रीय नाव ठरवावे आणि तारीख व ठिकाण यांसह नोंद करावी, तेव्हाच ऐकीव गोष्ट पडताळता येते. ही नोंद आणि पुढचा अहवाल बहुधा इंग्रजीतच लागतो. त्या भाषेची उणीव खरी असली तरी ती अभ्यासाने भरून निघते. बंदरावरील बोली दोन महिन्यांत येत नाही.

डोळसपणे पाहिल्यास काय सापडते, याचे एक उदाहरण मुंबई इलाख्यातलेच आहे. मचूळ पाण्यातील दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, जवळजवळ पारदर्शक असा एक मासा सी. व्ही. कुलकर्णी यांनी अभ्यासला आणि १९४० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. सुंदरलाल होरा आणि एस. बी. सेटना या मत्स्यशास्त्रज्ञांच्या सन्मानार्थ त्याचे नाव होराइक्थिस सेटनाय ठेवले गेले. पुढे शास्त्रज्ञांनी त्यास ओरायझियस या प्रजातीत घातले. मासा तोच राहिला, नाव सुधारले. विज्ञानात चूक दुरुस्त करण्यास कमीपणा मानीत नाहीत, हा तिसरा धडा.

अशी संधी मिळविणे अवघड नाही. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या देतात. त्यांपैकी भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे कार्यालय येथून जवळच, बहादूरशाह जफर मार्गावर आहे. ज्या केंद्रात काम करावयाचे तेथील शास्त्रज्ञास थेट पत्र लिहिणे, हाही मार्ग आहे. पत्रात स्तुती नको; आपण काय वाचले आणि कोणता प्रश्न पडला, एवढेच असावे.

पालकांनी मुलास, आणि तितक्याच विश्वासाने मुलीस, या वाटेने जाऊ द्यावे. पहिल्या आठवड्यात फोनवर तक्रारीच ऐकू येतील: उकाडा, चिखल, मोजण्याचा कंटाळा. लगेच परत बोलावू नये. माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी एका विद्यार्थ्याच्या प्रवासाचा व राहण्याचा भार उचलला, तर हीरक महोत्सवाची ती सर्वांत टिकाऊ आठवण ठरेल. दिल्लीस समुद्र नाही. पण समुद्राशी बोलणाऱ्यांची भाषा या शाळेने साठ वर्षे शिकविली आहे. तिचा उपयोग आता मुलांना करू द्यावा.