एक मिनिट श्वास मोजा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरात वावरणारी बाई. भाषणाची सवय नाही. पण गेल्या पौषात घरी जे घडले, ते तुमच्या कानी घालावे म्हणून उभी राहिले.

लेक माहेरी आली होती. नातू आठ महिन्यांचा. नाशिकची थंडी तुम्हांला ठाऊकच आहे. बाळाला खोकला झाला. मी वेखंड लावले, ओव्याच्या पुरचुंडीने शेकले. दोन दिवस तसेच गेले, ही माझी चूक. तिसऱ्या रात्री त्याचे पोट भराभर उडू लागले. आमचे हे म्हणाले, "सकाळी पाहू. तुझा जीव उगाच घाबरा होतो."

शेजारच्या आशाताईने मला एक गोष्ट शिकवली होती. बाळ रडत वा पीत नसताना झबले वर करावे, घड्याळ समोर ठेवावे आणि पोट किती वेळा वर येते ते पुरे एक मिनिट मोजावे. मी मोजले, अठ्ठावन्न. पुन्हा मोजले, छप्पन्न. मग यांना आकडाच सांगितला. हे मुकाट्याने उठले आणि रिक्षा घेऊन आले. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. चार दिवस दवाखान्यात काढले. आज बाळ रांगते आहे.

बायांनो, बाईच्या घाबरण्याला घरात कोणी मोजत नाही, पण आकड्याला मोजतात. माझा धाकटा भाऊ असाच पोट उडता उडता आईच्या मांडीवर गेला. तिला कोणी मोजायला शिकवले नव्हते.

हे काम अवघड नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' संस्था काढली. तिथल्या निरक्षर सुइणींसाठी मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असे साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. गावच्या माणसांनी असे उपचार केल्याने बालमृत्यू घटले, हे १९९० साली जगापुढे आले.

आकडे पाठ करा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला साठ, वर्षाच्या आतील बाळाचे पन्नास, पाच वर्षांच्या आतील मुलाचे चाळीस श्वास किंवा त्याहून जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, ओठ निळे झाले किंवा बाळाने पिणे सोडले, तर मोजतही बसू नये.

घरच्या वडीलधाऱ्यांकडेही लक्ष असू द्या. पायावर अंगठा दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, उताणे निजल्यावर धाप लागत असेल, तर 'वय झाले' म्हणून सोडू नका. हृदय तपासून घ्या.

आज घरी गेल्यावर निजलेल्या लेकराचा श्वास एकदा मोजून पाहा. बरे असताना हात बसला, म्हणजे रात्री-अपरात्री चुकणार नाही.