एकच वाट, उघडे दार

आपल्या नाचणगावच्या वर्धा जिल्ह्यातच पवनारला विनोबांचा आश्रम. विनोबांनी कुराणाप्रमाणे ख्रिस्तधर्माचेही सार काढले. पण तारणारा ख्रिस्त एकटाच, असे मानणाऱ्याशी शेजार कसा जुळावा?

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या १९०० मध्ये. टिळकांची ख्रिस्तनिष्ठा ढळली नाही. तरी तुकोबांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मानले. १९१७ मध्ये काढलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

सर्व धर्म सारखेच म्हटल्याशिवाय सलोखा होत नाही, असे आपण धरून चालतो. टिळक तसे म्हणाले नाहीत. त्यांनी दार मात्र उघडे ठेवले. एवढे आपल्यालाही जमावे.