डॉक्टरकीची परीक्षा आणि कामगाराचे घर



चाळीतली पोरगी डॉक्टर व्हायचे म्हणते, तेव्हा आम्ही युनियनवाले आधी हिशेब मांडतो, सवयच ती. 2025 सालच्या ‘नीट’ परीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न होते. बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक कापला. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायन यांचे. म्हणजे नगावरची मजुरी झाली, आणि वर खराब मालाचा दंड!

अशा कामाला हाताला वळण लागावे लागते. वळणाला वेळ हवा, निवांत कोपरा हवा. क्लासवाले विकतात ते बरेचसे हेच. दहा बाय दहाच्या खोलीत ते कोठून आणावे? बारावीनंतर वर्षभर थांबून पुन्हा परीक्षेस बसणे एका घराला परवडते, दुसऱ्याला नाही. ही विषमता ओळखूनच तामिळनाडूने 2020 साली कायद्याने सरकारी शाळांतील मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने 1890 साली गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. वेळ हा असा मागून, झगडून मिळतो. आमच्या कचेऱ्या रात्री कुलूपबंद असतात. तेथे दिवा लावा, एनसीईआरटीची पुस्तके ठेवा. रविवारी घड्याळ लावून मुलांकडून 180 प्रश्न सोडवून घ्या. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हेही त्यांना सांगा.

पगारवाढ मागतो, तसा मुलांच्या अभ्यासाचा वेळही आम्ही मागितला पाहिजे. त्यावाचून वस्तीतला दवाखाना वस्तीतल्या पोरीच्या हाती यायचा नाही.