घरची बोली आणि शाळेची भाषा

श्रोतेहो, आज मला आपल्याशी एका जुन्याच प्रश्नावर बोलायचे आहे. मूल घरी एक भाषा बोलते आणि शाळेत दुसरी शिकते. घरचे देव निराळे, शाळेतले सण निराळे. घरचे नाव एक, हजेरीपटावरचे नाव दुसरे. अशा मुलाने स्वतःला कोण समजावे? आणि त्याला शिकविणाऱ्या गुरुजींनी, बाईंनी काय करावे?

हा प्रश्न मला पुस्तकातून कळला नाही. मी सुरगाणा तालुक्यातला, कोकणा समाजातला. जन्म शेतकऱ्याच्या घरी झाला, शिक्षण आश्रमशाळेत झाले आणि पुढे आयुष्य शिक्षकी पेशात गेले. आमच्या बोलीला लोक कोकणी किंवा कुकणा म्हणतात. गोव्याची कोकणी ती ही नव्हे, हे आधी सांगून टाकतो, कारण नाशिक शहरातसुद्धा हा घोटाळा पुष्कळांचा होतो.

आपला नाशिक जिल्हा पाहा. बागलाण, मालेगाव, देवळा या बाजूला घरोघर अहिराणी ऐकू येते. मालेगाव शहरात उर्दू आहे. पश्चिमेला पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगरपट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, भिल्ल अशी माणसे राहतात आणि प्रत्येकाच्या बोलण्याचा सूर वेगळा. म्हणजे पहिलीच्या वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षकासमोर एकच मराठी बसलेली असते असे समजू नका. तिथे चार-पाच घरे बसलेली असतात.

आता आमच्या बोलीचे एक साधे उदाहरण देतो. मराठीत आपण ‘घराचा’ म्हणतो. आमच्याकडे ‘घरना’ म्हणतात. अहिराणीतही ‘घरना’च म्हणतात. पलीकडे गुजरातीत ‘घरनो’ होते. मुलगा वहीत ‘घरना’ लिहितो आणि गुरुजी त्यावर तांबडी रेघ मारतात. मुलाला वाटते, आपले चुकले. वास्तविक तो त्याच्या घरी शिकलेला नियम अगदी बिनचूक पाळत असतो. मुलाला आम्ही ‘पोसा’ म्हणतो, मुलीला ‘पोसी’. हा शब्द वर्गात तोंडातून निघाला की सगळा वर्ग हसतो. एकदा हसले, दोनदा हसले, की तिसऱ्या दिवशी ते पोर तोंड उघडत नाही. मग आपण शेरा लिहितो, ‘विद्यार्थी अबोल आहे.’ अहो, अबोल कसला! त्याला संध्याकाळी गुरे राखताना पाहा, कसा बोलतो ते!

भाषेचे विद्वानही या भागात थोडे थबकलेच. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-सर्वेक्षणाचा भिल्ली बोलींविषयीचा खंड १९०७ साली निघाला. त्यात डांगी बोली खानदेशीच्या सोबत घातलेली आहे. स्वातंत्र्यानंतर डांग मराठीचा की गुजरातीचा, यावर पुष्कळ वाद झाला. सुरगाणा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. पुढे १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, तेव्हा डांग गुजरातेत गेला आणि सुरगाणा महाराष्ट्रात राहिला. नकाशावर रेघ ओढली गेली, पण सोयरीक काही रेघ पाहून होत नाही. माझी आत्या डांगातल्या एका गावी दिलेली. माझा आतेभाऊ आणि मी एकाच वयाचे. घरी आम्ही एकच बोली बोलत असू. तो गुजराती शाळेत गेला, मी मराठी शाळेत गेलो. सातवी पास झाल्यावर त्याने मला मोठ्या हौसेने पत्र लिहिले. ते आले गुजराती लिपीत, शिरोरेघ नसलेल्या अक्षरांत. मला एक ओळ वाचता येईना. शेवटी बाजाराला येणाऱ्या एका व्यापाऱ्याने ते वाचले आणि मराठीत अर्थ सांगितला. एका आजीची दोन नातवंडे, एकमेकांशी बोलायला तिसरा माणूस मध्ये लागला! आणि आमची जी खरी बोली, तिच्यात त्याला लिहिता येत नव्हते, मला वाचता येत नव्हते. तीत लिहायचे असते, हेच आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

यात शाळेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. कर्मवीर दादासाहेब बिडकरांनी १९३७ साली नाशिकला डांग सेवा मंडळ काढले आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात शिक्षण नेले. पुढे सरकारी आश्रमशाळा झाल्या. तिथे दोन वेळचे जेवण मिळाले, पाटी मिळाली, छप्पर मिळाले. ते नसते तर माझ्यासारखी कितीतरी पोरे आज राब भाजण्यापलीकडे कुठेच गेली नसती. मराठीने मला कायदा वाचायला शिकविले, सात-बाराचा उतारा वाचायला शिकविले, तलाठ्यासमोर मान वर करून बोलायला शिकविले. हे ऋण मोठे आहे.

पण त्याच शाळेत काही गोष्टी हातून निसटल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. आमच्याकडे मूल ज्या वारी जन्मले त्यावरून नाव ठेवण्याची चाल होती. सोमवारी झाला तो सोम्या, बुधवारी झाली ती बुधी. शाळेत दाखल करताना त्याचा सोमनाथ होई. जन्मतारीख कुणाला ठाऊक नसे, म्हणून १ जून घालून मोकळे होत. आमच्या पिढीचा अर्धा गाव कागदावर एकाच दिवशी जन्मलेला आहे! १ जूनचे हसून सोडून देता येते. नावाचे तसे नाही. आईने ठेवलेले नाव शाळेत सांगायला लाजणारे मूल पुढे आईलाही शाळेत आणायला लाजते. हे मी पुष्कळ वर्षे पाहिले आहे.

श्रोतेहो, हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. दूर अमेरिकेत जपानहून गेलेली माणसे आहेत. जे पहिल्यांदा गेले त्यांना त्यांच्या भाषेत ‘इस्सेई’ म्हणतात, त्यांची मुले ‘निसेई’, नातवंडे ‘सान्सेई’. निसेई मुले दिवसा इंग्रजी शाळेत जात आणि दुपारनंतर पुष्कळजण जपानी शिकायला दुसऱ्या शाळेत बसत. १९४१ च्या डिसेंबरात जपानने अमेरिकेवर हल्ला केला आणि १९४२ मध्ये सुमारे एक लक्ष वीस हजार जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे सोडून दहा छावण्यांत नेऊन ठेवण्यात आले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश तर जन्माने अमेरिकेचेच नागरिक होते. छावणीत शाळा भरत. मुले सकाळी अमेरिकेच्या झेंड्याला वंदन करीत आणि भोवती काटेरी तार असे. १९८८ साली तिथल्या सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले.

पैसे मिळाले, माफीही मिळाली. पण मधल्या काळात एक गोष्ट घडून गेली होती. आपली भाषा बोललो तर लोक संशय घेतील, या भीतीने पुष्कळ आईबापांनी घरात जपानी बोलणे सोडून दिले. नातवंडे इंग्रजीत हुशार झाली, शिक्षक झाली, वकील झाली, पण आजीशी चार वाक्ये बोलता येईनात. आपल्या डोंगरात तार नव्हती, पहारा नव्हता, म्हणून दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. तरीपण आजीशी नातवाचे बोलणे खुंटणे, हा शेवट मात्र मी आमच्याकडेही पाहतो आहे. माझ्या घरातली लहान मुलगी नाशिकला शिकते. मराठी सुरेख बोलते, इंग्रजीही बोलते. सुट्टीत गावी आली की माझी म्हातारी आई तिला काही सांगू लागते, आणि ती माझ्या तोंडाकडे पाहते. मग मी मध्ये बसून अर्थ सांगतो. पूर्वी पत्र वाचायला व्यापारी लागत होता, आता घरातल्या घरात मी लागतो.

कुणी म्हणेल, “गुरुजी, बोलीने पोट भरते काय?” हा प्रश्न आमच्याच आयाबाया विचारतात आणि त्यांचे चूक नाही. दिवाळीनंतर ज्यांना दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या बागेत कामाला जावे लागते, त्यांना आपल्या पोराने चांगली मराठी, इंग्रजी शिकून नोकरीला लागावे असे वाटणारच. २०२२ च्या डिसेंबरात सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली, तीही रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा यांसाठीच केली. आधी सोयी हव्यात, हे खरे. माझे म्हणणे एवढेच आहे की मराठी पक्की यावी म्हणूनच घरच्या बोलीचा आधार घ्यावा. वेल मांडवावर चढवायचा तर मूळ उपटून चालत नाही. आपल्या घटनेत १९५६ साली ३५० अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे ते सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. कागद आपल्या बाजूला आहे. काम वर्गात व्हायचे आहे.

ते कसे करावे, याचा धडा महाराष्ट्राला पूर्वीच मिळालेला आहे. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, हे त्यांनी करून दाखविले. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरविली, तिचे नाव कुरणशाळा. वारली पोरांच्या हातातल्या बिया, पाने, खडे हेच शिक्षणाचे साहित्य झाले. मूल शाळेसारखे होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. शाळाच मुलासारखी केली.

आता माझ्या शिक्षक बंधुभगिनींना मी चार गोष्टी सुचवितो. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, पहिलीच्या वर्गात सुरुवातीचे दोन महिने आपणही विद्यार्थी व्हावे. मुलांना त्यांच्या बोलीतले रोज पाच शब्द विचारावे, फळ्यावर एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला मराठी शब्द लिहावा. दोन्हींना सारखाच मान द्यावा. गुरुजी शब्द चुकले की मुले हसतात. हसू द्या. आपण हसत हसत चुकतो हे पाहिले की त्यांची चुकण्याची भीती जाते.

दुसरी गोष्ट, नाव बदलू नये. आईबाप सांगतील तेच नाव, तसेच्या तसे लिहावे.

तिसरी गोष्ट, गावातल्या जाणत्या माणसांना वर्गात बोलवावे. आमच्याकडे काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करून तिच्यावरून बोटे ओढीत कथा गाणारे कथेकरी आहेत. कणसरी म्हणजे आमची धान्याची माय, तिची कथा ते रात्र-रात्र सांगतात. ज्याला आपण निरक्षर म्हणतो त्या माणसाला एवढे पाठ असते, हे मुलांनी शाळेत बसून ऐकावे. नागलीची हळवी कोणती, गरवी कोणती, आवणी केव्हा करावी, हे सांगणारी आजीदेखील शास्त्राचीच शिक्षिका आहे.

चौथी गोष्ट जरा कडू आहे. स्नेहसंमेलनात आदिवासी नृत्य म्हणून मुलांना पानांचे घागरे घालून नाचवितात. आमच्या घरी कुणी असे घागरे घालीत नाही. डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षात येतो, तेव्हा माऊल्या व्रत धरतात, पावरी वाजते. ती आमची उपासना आहे. ती दाखवायचीच असेल तर आधी गावाला विचारावे, आणि मुलांना तिचा अर्थ सांगावा. टाळ्यांसाठी एक दिवस रंगविलेले आदिवासीपण मुलाला काही देत नाही. वर्षभर वर्गात मिळालेला आदर देतो.

आणि आईबापांनो, आपल्याला एकच विनंती. शाळेची भाषा शिकवायला शाळा आहे. घरात आपली बोली सोडू नका. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. ते दोन घरी पाहुणचार घेणाऱ्या भाच्यासारखे दोन्हीकडे रमते, फक्त दोन्हीकडे त्याला दार उघडे हवे.

मी कोकणा आहे, मराठी शाळेचा शिक्षक आहे, आणि सीमेपलीकडच्या गुजराती शिकलेल्या भावाचा भाऊ आहे. यांतले एक निवड असे मला कुणी सांगू नये, आणि मीही कोणत्या मुलाला सांगू नये. येत्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गात एखादा पोसा घाबरून कोपऱ्यात बसलेला दिसेल. त्याला आधी त्याचे घरचे नाव विचारा. पाठ मग सुरू करा.