खाद्यमेळावा आणि भुकेल्यांचा वाटा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या महिला शाखेने व तरुण कार्यकर्त्यांनी यंदा खाद्यमेळावा भरवून त्याचे उत्पन्न भुकेलेल्यांच्या साहाय्यास द्यावयाचे योजिले आहे. या योजनेस काही वडीलधाऱ्या मंडळींनी हरकत घेतली. उपाशी माणसाच्या नावाने आपण चविष्ट पदार्थ खावेत, हे शोभते काय? द्यावयाचे असेल तर सरळ वर्गणी काढावी, असे त्यांचे म्हणणे. ही हरकत थट्टेवारी नेण्यासारखी नाही. म्हणून तिच्याविषयी चार शब्द बोलण्याची अध्यक्षमहाशयांची अनुज्ञा आम्ही घेतली आहे.

आमच्या पिढीने १९७२ चा दुष्काळ बालवयात पाहिला. परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी यांची चव ज्यांनी घेतली, ते आजही पानात अन्न टाकीत नाहीत. पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. २०१३ मध्ये देशात अन्नसुरक्षेचा कायदा झाला. भूक हटली, पण संपली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी माणसे उपासमारीत होती. एवढा मोठा आकडा ऐकून माणूस क्षणभर हळहळतो आणि आपल्या कामास लागतो. वर्गणीचेही तसेच आहे. पावती फाडली की विषय मिटतो. मेळाव्यात मात्र घरातील प्रत्येकाचे हात कामास लागतात. ज्या भगिनीस पाचशे रुपये देणे जड, तीही आपले श्रम आणि पाककौशल्य देऊ शकते.

अशी कामे आपल्या प्रांताला नवी नाहीत. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे निराधार मुलांसाठी अन्नछत्र चालविले आणि महात्मा जोतीराव फुले यांनी त्यासाठी जनतेकडे साहाय्य मागितले. सावित्रीबाईही त्या काळात दुष्काळपीडितांच्या सेवेत राबत होत्या. पैसा लागतो, पण भाकरी भाजणारे हातही तितकेच लागतात, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

दूरदेशीचे एक उदाहरण आम्हांस शिक्षक म्हणून विशेष प्रिय वाटते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात जॉन हार्टम नावाचे एक कलाशिक्षक होते. १९९० मध्ये त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून मातीचे वाडगे करवून घेतले, पाहुण्यांना त्यांतून साधे सूप व पाव वाढला आणि त्यातून भुकेलेल्यांसाठी निधी जमविला. जेवण झाल्यावर प्रत्येक पाहुण्याने आपला रिकामा वाडगा घरी न्यावयाचा होता. हेतू हा की, जगात किती वाडगे रिकामे आहेत याचे स्मरण घरात राहावे. लिसा ब्लॅकबर्न यांच्या सहकार्याने ही कल्पना वाढली आणि ठिकठिकाणच्या लोकांनी ती उचलली. आमच्या वडीलधाऱ्यांच्या हरकतीचे उत्तर त्या वाडग्यात आहे. जेवण साधे ठेवले आणि ते कोणासाठी आहे याची आठवण ठेवली, म्हणजे खाण्यात अशोभनीय काही उरत नाही.

आता व्यवहाराकडे वळू. समजा, एका भगिनीने थालीपिठाच्या १०० प्लेटा प्रत्येकी ४० रुपयांस विकल्या. जमा ४,००० रुपये. साहित्याचे १,५०० आणि मंडप, दिवे, पत्रावळी यांच्या खर्चातील वाटा १,००० वजा केला, तर हाती राहतात १,५०० रुपये. म्हणजे खाणाऱ्याने दिलेल्या ४० रुपयांतील अवघे १५ भुकेल्यापर्यंत पोहोचले! साहित्य ज्याने त्याने घरून आणले आणि मंडपाचा भार चार सुखवस्तू सभासदांनी उचलला, तर पुरते ४० पोहोचतील. मेळावा यशस्वी झाला की नाही, हे गर्दीवरून न ठरविता या हिशेबावरून ठरवावे.

प्रत्येक दुकानावर रोख पैसे घेऊ नयेत. दाराशी एकच खिडकी ठेवून तेथे कुपने विकावीत. त्याच रात्री दोन तिऱ्हाइतांसमक्ष खिडकीवरील जमा आणि दुकानांवर आलेली कुपने ताडून पाहावीत. जी कुपने वापरली गेली नाहीत, त्यांचे पैसेही निधीचेच समजावेत. महिन्याच्या आत छापील जमाखर्च प्रत्येक कुटुंबास पाठवावा. परस्परांवर अविश्वास आहे म्हणून आम्ही हे सुचवीत नाही. परक्याच्या भुकेचा पैसा आपल्या हाती ठेव म्हणून आलेला असतो, आणि ठेवीचा हिशेब द्यावाच लागतो.

पदार्थ लागतील तसे थोडथोडे करावेत. अर्धी प्लेटही मिळावी. तरीही अन्न उरले, तर ते ताजे असतानाच, आधी ठरवून ठेवलेल्या ठिकाणी पोहोचवावे. दुसऱ्या दिवशी विटलेले अन्न गरिबांच्या वस्तीत नेऊन देणे, यास आम्ही दान म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. मेळावा आपल्या ज्ञातीने भरविला, तरी त्याचे दार सर्वांस उघडे असावे आणि निधीही ज्ञातीपुरता राखू नये. आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी आपला शिष्यवृत्ती निधी आहेच. हा पैसा आपल्याच गावातील ऊसतोड कामगारांच्या मुलांना, निराधार वृद्धांना, ज्याला निकड अधिक त्याला मिळावा. तसे झाले तरच आपण ज्ञाती म्हणून एकत्र येण्याचा समाजास काही उपयोग आहे, असे म्हणता येईल.

शेवटी एक सूचना. आपल्या गावच्या कुंभारांकडून योग्य मोल देऊन मातीचे वाडगे घ्यावेत, त्यांतून आमटी-भात वाढावा आणि प्रत्येक कुटुंबाने एक वाडगा घरी न्यावा. स्वयंपाकघरात तो दिसला की मुले विचारतील, आणि आईबापांना उत्तर द्यावे लागेल. हे शिक्षण शाळेत देणे आम्हांस कधी साधले नसते.